मेव्हिस ऑर्मरॉडला ‘जी’ मिळाला

मेव्हिस ऑर्मरॉड कशी बाई आहे असं कुणी मला विचारलं तर मी सरळ सांगते, डोक्याला ताप आहे. मात्र हेच दुसऱ्या कुणी माझ्यासमोर म्हटलं, तर त्याचे केस अर्धवट कापून त्याला रस्त्यावर काढीन. मी गेनर हॉवर्थ. मँचेस्टरकडच्या आमच्या थॉर्नक्लफ गावात मिल रोडच्या कोपऱ्यावर जी दगडी दुमजली इमारत आहे ना, तिच्या तळमजल्यावर माझं पार्लर आहे. इमारत मेव्हिसची. वर दोन खोल्या, एक तिची शिवणाची आणि एक तिच्या नवऱ्याची, केनची. केन टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेल्यापासून त्या खोलीला कुलूप होतं.

मी तिला आंटी म्हणते. नातं काही नाही. लहानपणी आम्ही एकाच गल्लीत राहायचो, आणि आमच्या गल्लीत झाडून सगळ्या बायका आंटीच होत्या. मी त्रेपन्न वर्षांची घोडी झाले तरी ती मला अजून ‘पोरी’ म्हणते.

शाळा सोडली तशी ती गिरणीत मागावर उभी राहिली. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या, तोंड हे एवढं ताणून. गिरणी बंद पडून जमाना लोटला, पण मेव्हिसची सवय गेली नाही. पार्लरच्या काचेबाहेर उभी राहून ती आतल्या बाईला अख्खी बातमी सांगते, कोण आजारी, कुणाचा मुलगा परत आला, कुणाचं कुणाशी बिनसलं, आणि तोंडातून शब्द निघत नाही. ड्रायरच्या टोपीखाली बसलेल्या माझ्या गुरुवारच्या म्हाताऱ्या, त्याही गिरणीतल्याच, तिकडून ओठांनीच उत्तर देतात. मी मध्ये कंगवा घेऊन उभी, येड्यासारखी. गिरणी गेल्यावर मेव्हिसनं शाळेत पोरांचा स्वयंपाक केला आणि घरी बसून गावाच्या पँटी आखूड करून दिल्या. त्यातून तिनं आणि केननं ही इमारत घेतली. आधी तिथं सहकारी भांडार होतं.

आता तिच्या काटकसरीबद्दल बोलायचं तर मला घोटभर चहा लागेल. इमारतीत गॅसवर पाणी तापवणारा बॉयलर होता, ते पाणी फिरून खोली गरम करणारे रेडिएटर माझ्या भिंतीला होते, पण ते चालू करायचे म्हणजे बाईसाहेबांची मर्जी लागायची. मी बटण दाबलं की पाइप खडखडायचे, आणि पाइप खडखडले की जिन्यावरून पावलं वाजायचीच.

“काय झालं? आजारी आहेस का?”

“थंडी वाजतेय, आंटी.”

“मग स्वेटर घाल.”

आणि टक्, बंद. वर आणखी ऐकवायची, “केननं छपराखाली ऊब अडवणारं फूटभर इन्सुलेशन घातलंय. या इमारतीला हीटिंग लागतच नाही. मी उभा जन्म इथं शिवत बसले, मला कधी वाजली का थंडी?” आणि खरंच, तिच्या शिवणाच्या खोलीत गेलं की बरं वाटायचं. माझ्या पायांचे मात्र खाली बर्फाचे गोळे व्हायचे. मी खूप भांडले, पण तिच्याशी भांडून कुणाचं भलं झालंय?

तर गोष्ट सुरू झाली ती माझा करार संपत आला तेव्हा. दुकान, ऑफिस, गोदाम, काहीही भाड्यानं द्यायचं तर इमारतीचं ऊर्जेचं सर्टिफिकेट लागतं. ‘ए’ म्हणजे उत्तम आणि ‘जी’ म्हणजे तळ. ‘ई’च्या खाली गेलात तर भाडेकरू ठेवायचा नाही, असा कायदा आहे. मेव्हिसचं जुनं सर्टिफिकेट संपलेलं होतं. नवं ‘ई’ तरी मिळालं तरच माझा करार होणार, नाहीतर मी रस्त्यावर आणि इमारत रिकामी. रिकामी इमारत पोसणं तिला झेपणारं नव्हतं. तिचा भाचा क्लाइव्ह घरं विकण्याच्या धंद्यात आहे, तो तर टपूनच बसला होता. मँचेस्टरचं एक गिऱ्हाईक त्यानं धरून ठेवलं होतं, सगळं आतून पाडून लहान लहान फ्लॅट काढणारं.

“मी मेले तरी विकणार नाही,” मेव्हिस म्हणाली.

“मेल्यावर तुला कोण विचारतंय, आंटी? मी जिवंतपणाचं बोलतोय,” क्लाइव्ह म्हणाला. असा गोड मुलगा आहे.

एका सकाळी मी पार्लर उघडलं तर भिंतीवर रेडिएटरच्या जागी नुसते पिवळे चौकोन. मागच्या दारात भंगारवाला आमचा बॉयलर हातगाडीवर चढवत होता, आणि मेव्हिस शेजारी उभी राहून त्याला शहाणपणा शिकवत होती.

“आंटी! हे काय चाललंय?”

“अगं, परवा तो तपासणारा येतोय ना. इमारत ऊर्जा किती खाते याचेच मार्क देणार ना तो? आता खायला तोंडच ठेवलं नाही. शून्य! ‘ए’ मिळतो की नाही बघ.”

“आणि माझ्या बायकांनी ओल्या डोक्यानं कुडकुडायचं?”

“प्लगवर लावायचा तो छोटा हीटर आण की तुझा. तो काय इमारतीचा नाही, तुझा आहे.”

मी जे काही बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण खोटं कशाला बोलू, रागाचा भर ओसरल्यावर मलाही ते पटलं. गुरुवारच्या म्हाताऱ्यांना तर पटलंच पटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात हीटिंग न लावता हिवाळा काढणं ही मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे, तिचा सरकारनं मान ठेवावा असं आम्हाला वाटतं.

तपासणारा आला तो ओवेन प्रिचर्ड नावाचा, वेल्सचा, हळू आवाजाचा माणूस. भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, माझ्या ट्यूबलाइटी मोजल्या. मग त्यानं विचारलं, “इमारत गरम करायची सोय कोणती?”

“काहीच नाही!” मेव्हिस अशी म्हणाली की जणू मेडलच गळ्यात पडलंय.

“काहीच नाही?”

“गॅसचा एक थेंब नाही.”

त्यानं टॅब्लेटवर काहीतरी दाबलं. “छपराखाली इन्सुलेशन?”

“फूटभर. माझ्या नवऱ्यानं घातलंय.”

“बघता येईल?”

“वर जायचं झाकण केनच्या खोलीत होतं. तिथून वारा यायचा म्हणून त्यानं ते बंद करून वरून प्लास्टर केलं.”

“मग पावती? कामाचा एखादा फोटो?”

“नवऱ्यानं सांगितलंय,” मेव्हिस म्हणाली, ओठ ताणून, एकेक अक्षर सुटं करून. बिचाऱ्याला वाटलं ही शिव्या देतेय.

“मला पुरेसं आहे हो,” तो म्हणाला. “पण मला जे दिसत नाही ते मी धरू शकत नाही. पुरावा नसेल तर इमारत ज्या काळात बांधली, त्या काळात असायचं तेवढंच धरतात. म्हणजे काहीच नाही असं धरतात.”

चहा पिऊन, बिस्किटं खाऊन तो गेला. आणि सर्टिफिकेट आलं. ‘जी’.

मेव्हिसनं माझ्या पार्लरमधून, भर गुरुवारी, त्याला फोन लावला. सगळे ड्रायर बंद करायला लावले.

“काहीतरी चुकलंय तुमचं. इथं काहीच जळत नाही, तर ‘जी’ कसा?”

“मॅडम, तुम्ही किती जाळता याचं हे सर्टिफिकेट नाही. इमारत कशी आहे याचं आहे. उद्या इथं दुसरं कुणी आलं तर त्याला ऊब लागणारच. तुमची सोय नसली तर तो विजेचे हीटरच लावणार असं धरून हिशोब होतो, आणि तो सगळ्यात वाईट पडतो.”

“म्हणजे बॉयलर असता तर…”

“जुना होता तरी यापेक्षा बरं झालं असतं.”

मेव्हिसनं फोन ठेवला. “एक अक्षर बोलू नकोस, पोरी,” ती म्हणाली.

मी तरी बोललेच. कशी गप्प बसणार? माझं पोट त्या भिंतींवर होतं. बॉयलर गेला, आता दुकान जाणार, तुझा तो मेला स्वेटर घालून मी कुठं बसू, असं सगळं बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग कोट चढवला, पिशवी उचलली आणि म्हणाली, “झालं बोलून? मग ऐक. मी ‘ई’ घेतल्याशिवाय राहत नाही. लोकांना कळत नाही तेव्हा ते रडतात. मला आता कळलंय.”

क्लाइव्हला वासच लागला असावा, संध्याकाळीच आला. “आंटी, हट्ट सोड. नवी हीटिंग बसवायला पैसे कुठनं आणणार?”

“माझ्या मयताला ठेवलेत ना, तेच.”

“अगं, मग तुला पुरायचं कशात?”

“पुठ्ठ्याच्या खोक्यात घाल. तुझ्या ऑफिसात ढीगभर पडलेत.”

मी हसू दाबायला तोंडात टॉवेल कोंबला. पण ती थट्टा करत नव्हती. तिनं खरंच ते पैसे मोडले आणि हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणणारं यंत्र, सांगून टाकला. माझ्या ट्यूबलाइटी काढून एलईडी लावले. त्या उजेडात माझ्या बायकांच्या केसांचा रंग जांभळट दिसायला लागला, त्यावरून आठवडाभर बोंबाबोंब. मेव्हिस म्हणाली, जांभळा तर जांभळा. ओवेननं फोनवर हिशोब करून सांगितलं होतं की एवढ्यानं काठावर येईल, पण खात्री नाही. छपराचं इन्सुलेशन दिसलं तर मात्र चिंता नाही. “झाकण उघडा, मी येऊन फोटो काढतो,” तो म्हणाला.

झाकण केनच्या खोलीत. कुलूप काढायला तिला जरा वेळ लागला. किल्ली हातातच होती. आत टेबलावर पोट उघडलेला रेडिओ तसाच होता, स्टूल तसंच. मी शिडी धरली. मेव्हिस या वयात शिडीवर, हातात छोटी करवत, तोंडाला माझ्या पार्लरचा टॉवेल बांधलेला. खाली उतर म्हणून मी पाच वेळा ओरडले असेन, पण तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्लास्टर ढासळलं, झाकण मोकळं झालं, तिनं ते वर ढकललं आणि हात आत घातला.

हात इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग नुसतीच उभी राहिली.

“काय झालं?”

“काही नाहीये,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“अगं, नीटच बघतेय. नुसती लाकडं आहेत. थंडगार.” ती खाली आली आणि केनच्या स्टुलावर बसली. चेहरा सगळा पांढरा, प्लास्टरनं की कशानं कोण जाणे. “खोटं बोलला माझ्याशी. इतकी वर्षं मी जगाला सांगत आले, केननं घातलंय, केननं घातलंय. खोटारडा!”

मला तिची दया आली आणि केनचा राग आला. रागात मला काही सुचत नाही, मी काहीतरी करायला लागते. मोबाइलचा दिवा लावला आणि शिडीवर चढले. डोकं आत घातलं, उजेड फिरवला. केनच्या खोलीवर खरोखर काही नव्हतं. मग दिवा पलीकडे नेला, मधली भिंत संपते तिथून पुढे.

“आंटी.”

“काय?”

“तुझ्या खोलीवर आहे.”

“काय आहे?”

“सगळं. थरावर थर आहेत गं. एक फूट कसलं, दोन फूट आहे. भिंतीपर्यंत आणलंय आणि तिथं थांबवलंय.”

मी खाली उतरले. ती त्या टेबलाकडे बघत होती.

“एका बंद पडलेल्या गिरणीतून त्यानं ते गठ्ठे आणले होते,” ती हळूहळू म्हणाली. “म्हणजे पुरले नसणार. दोन्हीकडे सारखे घालता आले असते. फूट-फूट आलं असतं.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “पोरी, तो इथं बोटं कापलेले हातमोजे घालून बसायचा. मी म्हणायचे, नाटकं करतोस. हा एवढासा हीटर होता त्याचा, पायाशी. मी येऊन बंद करायचे. वर इन्सुलेशन आहे ना, मग तुला कशाला लागतो, मला नाही लागत. तो काही बोलायचा नाही. हसायचा. रोज बंद करायचे गं मी.”

मी जन्मात कधी मेव्हिसला रडताना पाहिलं नव्हतं. गिरणीतल्या बाईसारखीच रडली, तोंड उघडलेलं आणि आवाज नाही. मला तिला जवळ घेता आलं नाही, आमच्यात ते नाही. मी तिच्या खांद्यावरचं प्लास्टर झटकत राहिले.

“मी मारलं का त्याला?”

“उगाच काहीतरी बोलू नकोस,” मी तिच्यावर खेकसले. “केन हृदयानं गेला, आणि ते त्याच्या सिगारेटींनी आणि तुझ्या हातच्या तुपकट मटण-पाईंनी बिघडलं. थंडीनं नाही. पण त्याला थंडी वाजत होती, हे मात्र खरं. ते मी खोटं सांगणार नाही.”

तिनं मान हलवली. मला वाटलं, आता हिची जिद्द संपली, आता क्लाइव्हला फोन करणार. तिनं टॉवेलनं तोंड पुसलं, उठली, आणि फोन केला तो इन्सुलेशनच्या दुकानाला.

गठ्ठे आले ते दारात टाकून गाडीवाला पसार. गुरुवार होता. माझ्या म्हाताऱ्या डोक्याला रोलर लावलेल्या, तशाच उठल्या आणि जिन्यावर रांग लावून गठ्ठे वर पाठवायला लागल्या. हलकेच असतात ते, पण आरडाओरडा असा की रस्त्यावरची माणसं थांबली. वर सरपटायला एक कारागीर बोलावला होता. त्यानं आत जाऊन बघितलं आणि म्हणाला, “बाई, पलीकडे दुप्पट आहे. त्यातलं अर्धं इकडे ओढलं असतं तर नवं घ्यायला लागलंच नसतं. परत करता येईल अजून.”

“त्याला हात लावायचा नाही,” मेव्हिस म्हणाली.

“पण वाया…”

“हात लावायचा नाही म्हटलं ना! ते जसं ठेवलंय तसं राहील. इकडे नवं घाल. आणि कंजूषपणा करू नकोस, त्याच्याइतकंच जाड घाल.”

मेव्हिस ऑर्मरॉडनं कुणाला कंजूषपणा करू नकोस म्हटलेलं ऐकायला अख्खा जिना साक्षीला होता, नाहीतर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

ओवेन प्रिचर्ड परत आला. वर डोकं घालून त्यानं दोन्ही बाजूंचे फोटो काढले, हीट पंप बघितला, एलईडी मोजले. या वेळी मेव्हिस त्याच्या मागे मागे फिरली नाही, खाली माझ्या खुर्चीत बसून राहिली. निकाल माझ्या मोबाइलवर आला. ‘सी’. मी किंचाळले. टोपीखालच्या सगळ्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवायला लागल्या.

“‘बी’ का नाही?” मेव्हिस म्हणाली.

“आता तरी समाधान मान गं!”

पण तिचे डोळे भरले होते. क्लाइव्हला तिनं स्वतः फोन करून सांगितलं, आणि मँचेस्टरच्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे कुठंतरी फ्लॅट काढायला सांग म्हणाली. त्यानं अभिनंदन केलं असं ती सांगते. मला शंका आहे.

राहिला करार. आम्ही दोघी वकिलीणबाईंच्या ऑफिसात गेलो. तरुण मुलगी होती, भराभर वाचत होती, भाडं, मुदत, दुरुस्ती कुणी करायची. शेवटच्या पानावर ती सहीची जागा दाखवायला लागली तेव्हा मेव्हिसनं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

“एक कलम घालायचं राहिलंय.”

“कोणतं?”

“भाडेकरूला थंडी वाजली तर तिनं हीटिंग लावावं, आणि मालकिणीनं येऊन ते बंद करू नये.”

वकिलीणबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

“मिसेस ऑर्मरॉड, असं कलम करारात नसतं. त्याची गरजही नाही. तो हक्क त्यांना आहेच.”

“केनलाही होता,” मेव्हिस म्हणाली. “तू लिही.”